पोरं मोर्चात कशासाठी?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मोर्चात जी पोरं नेतो त्यांच्याबद्दल आज बोलायचंय. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मागच्या वर्षी एका मोर्चात मी भाचीला खांद्यावर घेऊन गेलो. वय वर्षे नऊ. हातात निळा झेंडा दिला. पोरगी अशा घोषणा देत होती की पुढची माणसं वळून बघत होती. कुणीतरी फोटो काढला. मी छाती फुगवून चाललो होतो. पुढे रेटारेटी झाली, लाठ्या उगारल्या गेल्या, आम्ही पळालो. पोरीची एक चप्पल तिथंच राहिली. रात्री जेवताना तिनं विचारलं, "मामा, आपण कशाला गेलो होतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे भाषणातलं होतं. व्यवस्था, विषमता, शोषण. पण नऊ वर्षांच्या पोरीला कळेल असं एक वाक्य नव्हतं. मी म्हणालो, "गुमान जेव." आक्काही म्हणाली, "जेव." विषय संपला. ज्या तोंडानं रस्त्यावर बोंब मारली तेच तोंड घरात बंद.

गोदीत टोळीत नवा माणूस आला की त्याला आधी वजन सांगतात. न सांगता पाठीवर ओझं टाकलं तर कंबर मोडते. आपण पोरांच्या पाठीवर न सांगता अख्खा इतिहास टाकतो आणि वर म्हणतो, दे घोषणा.

काही मित्र म्हणतात, पोरांना ह्यात ओढू नका, त्यांना शिकू द्या. साला, ही चैन आपल्याला कधी होती? जात पोराचं वय विचारत नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं. शिपायानं वरून पाणी ओतलं तर पाणी, शिपाई नसला तर तहान. १९०१ साली ही भावंडं वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. स्टेशनमास्तरनं कोण म्हणून विचारलं. नऊ वर्षांच्या पोरानं खरं सांगून टाकलं. त्यानंतर रात्रभर त्यांना पाणी मिळालं नाही. आज आपल्या कितीतरी आया पोरांना सांगतात, जात विचारली तर गप बस, आडनाव सांगू नको. त्या भित्र्या नाहीत. मसूर स्टेशन त्यांच्या रक्तात आहे. पण गप्प बसवलेल्या पोराला एवढंच कळतं की लाज आपली आहे. लाज आपली नाही, हे त्याला कोण सांगणार?

पोरांना कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी मुक्ता साळवेचं नाव घ्यावं. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर. १८५५ साली, चौदाव्या वर्षी, तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आमचा धर्म कोणता, असा सवाल तिनं थेट देवाला केला. आपल्या बाया उघड्यावर बाळंत होतात, हेही लिहिलं. तिला कुणी घोषणा पाठ करून दिल्या नव्हत्या. तिला अक्षर दिलं होतं आणि विचारायची मुभा दिली होती. ती तीन वर्षांची शाळा आपल्या शंभर मोर्चांना भारी आहे.

आता समुद्रापलीकडे चला. १९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्यांच्या बंदुकीचे फोटो आपण भिंतीवर लावले. पण १९६९ पासून ओकलंडमध्ये तेच लोक पोरांना शाळेआधी फुकट न्याहारी वाढत होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्याआधी, १९६३ साली, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात काळ्यांचा लढा अडला. बापांना जेलात जाता येईना. गेले तर नोकरी जाणार, चूल विझणार. हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा जेम्स बेव्हेल म्हणाला, पोरांना बोलवू. मार्टिन ल्यूथर किंगचंही मन आधी तयार नव्हतं. २ मे रोजी हजारावर पोरं शाळा सोडून सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमधून गाणी म्हणत बाहेर पडली. शेकडो पकडली गेली. दुसऱ्या दिवशी बुल कॉनर नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांच्यावर आगीच्या बंबाचं पाणी मारलं, कुत्री सोडली. ते फोटो जगभर गेले. १० मेला समझोता झाला. दुकानातली जेवणाची टेबलं काळ्यांना खुली करायचं ठरलं.

ही गोष्ट आपल्याला आवडते. पण ती पुरी ऐका. ती पोरं खांद्यावर बसून आली नव्हती. आधी त्यांना शिकवलं होतं : मार पडला तरी हात उचलायचा नाही, पकडलं तर काय करायचं, कशासाठी जातोय. तरीही माल्कम एक्सनं टीका केली की मर्द आपल्या पोरांना तोफेच्या तोंडी देत नाहीत. हजारावर पोरांना शाळेतून काढलं. ते वरच्या कोर्टानं रद्द केलं. आणि १५ सप्टेंबरला त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटला. चार पोरी मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. विजयाच्या फोटोखाली हेही लिहायला पाहिजे. किंमत पोरं देतात तेव्हा हिशेब मोठ्यांनी ठेवायचा असतो.

मग मी काय केलं? त्या रात्रीनंतर भाचीला रोज एक गोष्ट सांगू लागलो. एकदा तिनंच मला सांगितलं : शाळेत संडास झाडायला आमच्याच वस्तीतल्या पोरांना लावतात. "तुम्हाला सवय आहे," म्हणतात. माझं डोकं फिरलं. पन्नास पोरं घेऊन जातो, काचा फोडतो, म्हणालो. ती म्हणाली, "मामा, तू आलास तर ते तुझ्याशीच भांडतील. आम्हाला कोण विचारणार?"

वस्तीतल्या चौदा पोरांनी विहारात बसून अर्ज लिहिला. अक्षर त्यांचं, चुका त्यांच्या. मोठ्यांनी फक्त तारीख घालायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तेरा पोरं हाताची घडी घालून उभी राहिली आणि कुणीही झाडू उचलला नाही. आम्ही फाटकाबाहेर उभे. एक शब्द नाही. आठवड्याभरात ते काम पोरांकडून काढून घेतलं गेलं.

चौदावा पोरगा आला नाही. त्याचा बाप ठेक्यावर झाडू मारतो, त्यानं धाडलं नाही. मी मनात त्याला भेकड म्हटलं. भाची म्हणाली, "त्याचंपण नाव अर्जात आहे." मला माझीच लाज वाटली.

म्हणून चार गोष्टी मागतो. पोराला मोर्चात न्यायच्या आधी कारण सांगा, त्याच्या तोंडून परत ऐका. तो नाही म्हणाला तर नाही. नेलंच तर कडेला चाला, पाणी बरोबर घ्या, खिशात नाव-नंबरची चिठ्ठी ठेवा, गडबड दिसली की पोरं आधी बाहेर. पोलिसांपुढे ढाल म्हणून त्यांना कधीही उभं करू नका. आणि कुणाच्या मरणाची घोषणा त्यांच्या तोंडी देऊ नका. शांततेनं, हत्याराशिवाय जमण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. १९८९ च्या बालहक्कांच्या जागतिक करारात तो पोरांनाही आहे, आणि १९९२ साली भारतानं तो करार मानलाय. तो हक्क पोरांचा आहे, आपल्या फोटोचा नाही.

ह्या वर्षी मोर्चा निघाला तेव्हा मी भाचीला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, आधी कशासाठी ते सांग. अर्धा तास सांगितलं. मधे तिनं दोनदा अडवलं. शेवटी म्हणाली, "बरोबर आहे. पण उद्या माझी परीक्षा आहे, तू जा."

मी गेलो. घरी आल्यावर काय झालं ते तिला सांगायचं होतं, म्हणून मोर्चात पहिल्यांदाच भाषणं नीट ऐकली.

आज घरी जाल तेव्हा पोरं जागी असतील तर त्यांच्याशी बोला.

जयभीम.