आधी विचारा, मग बॉनेट उघडा

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, करिअर नाही. आजचा भाग एका म्हाताऱ्या गाडीबद्दल आहे. ज्यांच्या घरी पंधरा-वीस वर्षांची गाडी आहे आणि ती सिग्नलला उभी राहिली की थरथरते, त्यांनी शेवटपर्यंत ऐका. चाळीस हजार वाचू शकतात. आमचे वाचले, पण ते माझ्या हुशारीमुळे नाही. ते कसं, तेच सांगते.

आमची गाडी २००६ सालची. छोटी पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर. बाबा शिक्षक होते, आता रिटायर्ड, तासगावला असतात. मी पुण्यात. आजीला दर पंधरा दिवसांनी मिरजेला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, आणि तिला बसमध्ये चढता येत नाही. २०२१ ला गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा बाबांनी पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करून घेतलं. म्हणजे २०२६ ला परत तोच प्रश्न: ठेवायची की काढायची?

गेल्या जुलैत बाबांचा फोन आला. "अगं, गाडी थांबली की लई हलतीय. टिकटिक आवाज पण येतोय. गॅरेजवाला म्हणतोय टॅपेट वाजतंय, हेड उतरवायला लागेल, इंजिनचं काम निघालं. चाळीस-पंचेचाळीस हजार." आणि मग एकदम हळू आवाजात, "त्यापेक्षा भंगारात देऊन टाकू. पावसात तर जास्तच करतीय."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मी इंजिनिअर ना! म्हटलं, बाबा, काही देऊ नका, मी शनिवारी येते. ऑनलाइन एक ब्लूटूथ डोंगल मागवला. गाडीला लावला की मोबाइलवर एरर कोड दिसतात, तो. जाऊन बघते तर डोंगल कनेक्टच होईना. मग कळलं की आपल्याकडे ओबीडी-टू सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. २००६ च्या गाडीकडून मी लॉगची अपेक्षा करत होते, आणि तिच्याकडे माझ्या ॲपशी बोलायची सोयच नव्हती.

मग दुसरा उपाय, युट्यूब. तीन व्हिडिओ पाहिले आणि एकाच दुपारी चारही स्पार्क प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. गाडी सुरू केली तर आधीपेक्षा जास्त थरथर! आता सांगा, तीन गोष्टी एकदम बदलल्यावर बिघडलं कशानं, हे कसं कळणार? ऑफिसमध्ये कुणी एका कमिटमध्ये तीन बदल कोंबले तर मी रिव्ह्यूमध्ये रागावते. इथे मी स्वतः तेच केलं होतं.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त बॉनेट बंद करून म्हणाले, "राहू दे, चहा घे." ते मला जास्त लागलं.

रात्री मी त्यांच्याजवळ बसले आणि पहिल्यांदाच नीट विचारलं. काय होतंय हे नाही, तर कधी होतंय. बाबांनी धडाधड सांगितलं. सकाळी दव असलं की जास्त. दुपारी ऊन पडलं की कमी. पावसात गाडी चढाला झटके देते. एसी लावला की बंद पडायला येते. आणि टिकटिक कधी असते, कधी नसते.

मंडळी, एवढं सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं. रोज चालवणारा माणूस म्हणजेच गाडीचा लॉग. मी तो उघडलाच नव्हता.

आता यातून काय निघतं बघा. टॅपेटचा आवाज, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या फटीचा आवाज, हा धातूचा आवाज आहे. हवा दमट आहे की कोरडी, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ओल्या हवेत काय बिघडतं? वीज! स्पार्कसाठी हजारो व्होल्ट लागतात. ती वीज प्लगपर्यंत नेणारी जाड रबरी वायर, जिला प्लग लीड म्हणतात, तिला बारीक तडा गेला की वीज प्लगमध्ये जाण्याऐवजी जवळच्या लोखंडावर उडी मारते. ओलाव्यात ही उडी आणखी सोपी होते. ती उडी म्हणजेच टिकटिक. आणि तो स्पार्क चुकला की सिलिंडर मिसिंग मारतो, म्हणून थरथर.

हा अंदाज झाला. अंदाजावर पार्ट आणायचा नाही, हे एव्हाना शिकले होते. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका वयस्कर मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढला आणि लावला. पहिला काढला, इंजिन पडलं. दुसरा, पडलं. चौथा, पडलं. तिसरा काढला तर काहीच फरक नाही! म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच झोपलेला. काका म्हणाले, "बाळा, जो काढल्यावर फरक पडत नाही, तोच कामचुकार." मग त्यांनी तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात लावला. तरीही तिसराच झोपलेला. म्हणजे प्लग निर्दोष.

काका म्हणाले, अंधार पडू दे. संध्याकाळी लाइट बंद करून बॉनेट उघडलं, लीडवर लांबून पाण्याचा हलका फवारा मारला. तिसऱ्या लीडच्या टोपणाजवळ निळी ठिणगी. टिक, टिक, टिक. बाबा, मी, काका, तिघंही गप्प उभे. मला हसावं की रडावं कळेना.

काकांनी लीड हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. "प्लग बदलताना वायरला धरून ओढलंस का?" हो. टोपण धरून, फिरवून काढायचं असतं. तडा आधीचाच होता, पण मी तो वाढवला. म्हणून शनिवारनंतर गाडी जास्त बिघडली.

लीडचा नवा सेट बाराशे रुपये. टॅपेटची फट काकांनी तपासली, एक थोडी सैल होती, ती ॲडजस्ट केली. हेड उतरलं नाही. अजून थोडं कंपन राहिलंय, ते इंजिन माउंटिंगचं. गॅरेजमध्ये त्याला फाउंडेशन म्हणतात, त्याचं रबर बसलंय. दिवाळीत बदलू.

तुमच्या गाडीसाठी थोडक्यात सांगते. आधी डिपस्टिक काढून ऑइल बघा, कमी ऑइलनेही टॅपेट वाजतात. रेस वाढवल्यावर आवाजाचा वेग वाढतो का बघा. वाढला तर तो इंजिनशी जोडलेला आहे. हलकी, भरभर टिकटिक बऱ्याचदा वरच्या भागातली. सुरू करताना किंवा एसी लावताना चीं करून किंचाळलं तर बेल्ट बघा. फुस्स असा सतत आवाज असेल आणि आयडलिंग वर-खाली होत असेल, तर हवा खेचणारा एखादा रबरी पाइप फाटलाय का ते पाहा. गार असताना फट-फट, गरम झाल्यावर कमी, तर सायलेन्सरच्या बाजूचं गॅस्केट. पण खालून जड ढक-ढक येत असेल, लोड पडल्यावर वाढत असेल, किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर इंजिन तिथेच बंद करा. टोइंग बोलवा. "घरापर्यंत नेऊ" म्हणालात, की मग खरंच इंजिनचं काम निघतं.

आणि चालू इंजिनमध्ये हात घालू नका. ओढणी, सैल बाही, मोकळे केस फॅन-बेल्टपासून लांब. लीडला तर अजिबात हात नाही. इंजेक्टर काढायची टेस्ट जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. मिसिंग मारणारी गाडी तशीच महिनोन्‌महिने चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

ज्यांनी चाळीस हजार सांगितले ते लबाडच होते, असं मी म्हणत नाही. त्यांनी टिकटिक ऐकली आणि ओळखीचं उत्तर दिलं. मीही तेच केलं, फक्त युट्यूब बघून. "कधी होतं?" हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

परवा सकाळी बाबांचा व्हॉइस मेसेज आला. बोलणं काहीच नाही, वीस सेकंद नुसतं इंजिन. बाहेर पाऊस ऐकू येत होता आणि गाडी शांत चालू होती. शेवटी मागून आजीचा आवाज, "निघायचं का आता?"

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत घरी फोन करा, आणि गाडी कशी आहे विचारा.