न दिसणारा धूर



मोटारीचा धूर काळा दिसला की आपण नाकाला रुमाल लावतो. धूर दिसलाच नाही तर निर्धास्तपणे रस्त्याकडेला गप्पा मारीत उभे राहतो. हा भरवसा फसवा आहे. कार्बन मोनॉक्साइड हा मोटारीतून निघणारा विषारी वायू. पण त्याला ना रंग, ना वास. मग तो ओळखावयाचा कसा?

१८५९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल याने निरनिराळे वायू नळीत भरून त्यांमधून उष्णतेचे किरण सोडले. ऑक्सिजन व नायट्रोजन यांनी ते जवळजवळ जसेच्या तसे जाऊ दिले. कार्बन डायऑक्साइडने मात्र त्यांतला काही भाग शोषून घेतला. यांनाच आपण अवरक्त किरण म्हणतो. प्रत्येक वायूचा घास ठरलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड ४.६ मायक्रॉनच्या आसपासचे किरण घेतो, कार्बन डायऑक्साइड ४.३ च्या आसपासचे. नायट्रिक ऑक्साइडसाठी बहुधा जंबुपार किरण वापरतात. किती किरण निघाले व किती पोहोचले, यावरून मधल्या वायूचा हिशेब लागतो. पीयूसी केंद्रात पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात, तेव्हा यंत्राच्या पोटात हाच व्यवहार चालतो.

पण उभ्या गाडीचा धूर निराळा आणि धावत्या गाडीचा निराळा. अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठातील डोनाल्ड स्टेडमन व गॅरी बिशप यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यावर तोड काढली. रस्त्याच्या एका कडेला किरणांचा दिवा, समोर ते टिपणारे यंत्र. गाडी मधून निघून गेली की तिच्यामागचा लोट अर्ध्या सेकंदात तपासला जातो व कॅमेरा तिचा नंबर टिपतो.

येथे कोणीही विचारील की, वारा तर धूर पांगवतो. मग किरणांच्या वाटेत त्याचा कितवा हिस्सा आला, हे कसे कळणार? याचे उत्तर मला फार मार्मिक वाटते. ते कळण्याची गरजच नाही! सरबतात कितीही पाणी ओता, साखर व मीठ यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलत नाही. तसेच धुराचे वायू एकत्रच पांगतात. म्हणून यंत्र कार्बन डायऑक्साइडच्या मानाने कार्बन मोनॉक्साइड किती, एवढेच पाहते.

त्या काळच्या मोजण्यांतून आढळले की, सुमारे निम्मा कार्बन मोनॉक्साइड दहांपैकी एखाद्याच गाडीतून येतो. आणि ती गाडी जुनीच असते असे नाही. निगा न राखलेली नवी गाडीही त्यांत सापडे.

आपल्या पीयूसी तपासणीत डिझेल गाडीच्या धुरातून प्रकाश किती पार होतो ते पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजीतच नाहीत. २०१५ साली फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले ते नेमके याच वायूंवरून. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेल्या तिच्या डिझेल गाड्या रस्त्यावर मोजल्या, तेव्हा मर्यादेच्या कितीतरी पट ऑक्साइडे निघाली. पीयूसीचा कागद खिशात आहे म्हणून गाडी स्वच्छ, असे मी तरी म्हणणार नाही.

किरणांच्या यंत्रालाही मर्यादा आहेत. ते अर्धा सेकंदच पाहते. इंजिन थंड असेल किंवा त्यावर एकाएकी ताण पडला असेल, तर चांगली गाडीही दोषी दिसते. यास्तव एका मोजणीवरून दंड न करता गाडी पुन्हा तपासावयास बोलावणे योग्य. दोन गाड्या शेजारून गेल्या तर त्यांचा धूर मिसळतो. म्हणून हे यंत्र मांडावयास हमरस्त्याला मिळणारी, एका वेळी एकच गाडी जाईल अशी चढाची वाट निवडतात.