कविता पाठ करण्यापुरतीच नसते

शाळेत कविता पाठ करायची असते, अर्थ सांगून गुण मिळवायचे असतात. मुलांनी ती लिहायचीही असते, हे आपल्याला सहसा सुचत नाही.

आरे कॉलनीतल्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलांबरोबर मी अधूनमधून कविता लिहायला बसतो. मुंबईच्या दुधासाठी १९४९ साली ही वसाहत स्थापन झाली. वारली, कोकणा, मल्हार कोळी मात्र त्याआधीपासून इथं नांदताहेत. एकदा विषय दिला, 'बिबट्या'. वर्तमानपत्रात बिबट्याची दहशत असते. एका मुलीनं लिहिलं, 'तो रात्री दारावरून जातो. आजी म्हणते, वाघोबा घरी चाललाय.' ते वाचून दाखवताना तिलाच कळलं, की आपल्या आजीला जे ठाऊक आहे ते शहराला ठाऊक नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. मग सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली. तेव्हा अगदी लहान असलेला एक मुलगा आता लिहितो, 'झाडावर नंबर होता. आमच्या घरावरपण नंबर आहे.' दोनच ओळी! पण त्या वाचल्यावर वर्गातल्या बाकीच्या मुलांनी आपापल्या दारावरचे आकडे सांगितले. एकट्याची भीती सगळ्यांचा प्रश्न झाली. नागरिकशास्त्र याहून वेगळं काय शिकवतं?

माझ्या घरी दखनी बोलत. 'मुसलमान असून मराठीत लिहिता?' असं आजही कुणी कौतुकानं विचारतं, कुणी संशयानं. याचं उत्तर मला शाळकरी वयातल्या वहीनंच दिलं. तिथं अम्मीचा शब्द आणि शाळेतला शब्द एका ओळीत बसले, भांडले नाहीत.

ही वाट नवी नाही. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' १८५४ साली आला. पुढच्याच वर्षी फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्तानं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'नं छापला. एका शाळकरी मुलीनं सगळ्या समाजाला जाब विचारला!

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. मुलाच्या कवितेतलं ऱ्हस्व-दीर्घ नंतर तपासा. घरचा शब्द खोडून पुस्तकी शब्द घालू नका. आधी ती त्यालाच मोठ्यानं वाचू द्या आणि इतरांना प्रश्न विचारू द्या. यमक जुळलं नाही तरी चालेल. आपलं म्हणणं कुणी ऐकतंय, हे त्या मुलाला कळलं पाहिजे.