एकदाच वापरायचे उपकरण: दुसऱ्या फेरीची जबाबदारी कोणाची?



अँजिओग्राफीची नळी, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतला ट्रोकार, हार्मोनिक स्काल्पेल यांच्या वेष्टनावर दोनच्या आकड्यावर काट मारलेली खूण असते: एकदाच वापरा. तरीही आपल्याकडे यातली काही उपकरणे धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात. डॉक्टरांना हे ठाऊक असते. रुग्णाला बहुधा कोणी सांगत नाही. २०१७ साली ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये हृदयरोगतज्ज्ञांनी कॅथेटरच्या पुनर्वापराविषयी मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली. जे घडतच नाही, त्याची मार्गदर्शिका कोणी लिहीत नाही. तेव्हा हे व्हावे की नाही, या वादात मी आज शिरत नाही. हाच व्यवहार उजेडात, हिशेबाने, उद्योग म्हणून उभा राहील का, एवढे तपासू या.

सुरुवात मुंबईपासून करतो. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात अमेरिकेतील मृतांच्या शरीरातून काढलेले पेसमेकर गरीब रुग्णांना बसवले गेले. नातेवाइकांच्या संमतीने जमलेल्या १२१ पेसमेकरांपैकी पुरेशी बॅटरी शिल्लक असलेले ५३च निघाले आणि तेवढेच वापरले. त्याच रुग्णालयाचा अनुभव २०१२ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये छापून आला: ८१ रुग्णांना पुन्हा निर्जंतुक केलेले १०६ डिफिब्रिलेटर बसवले, जंतुसंसर्गाची नोंद नाही. पुढे २०२० साली मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधील हजारावर रुग्णांच्या अभ्यासातही नव्या आणि पुनर्वापराच्या यंत्रांत संसर्गाचा लक्षणीय फरक आढळला नाही.

हे काम धर्मादाय होते, पण धंद्याचे पहिले गणित त्यातच आहे. १२१ गोळा करावे तेव्हा ५३ हाती लागतात. बाद मालाचा खर्च चांगल्या मालावरच चढतो. त्यात प्रक्रियाही लांबलचक: वापर होताच रक्त वाळण्याआधी पहिली धुलाई, मग वाहतूक, प्रत्येक नगाला क्रमांक, स्वच्छता, कामाची चाचणी, इथिलिन ऑक्साइडने निर्जंतुकीकरण, गॅसचा अंश निघून जाईपर्यंत थांबणे आणि ठरलेल्या फेऱ्यांनंतर नग मोडीत. पोकळी नसलेली कॅथेटर साफ करणे सोपे. अरुंद पोकळीच्या नळ्या आणि फुगे फार कठीण. एकट्या रुग्णालयाला हे सगळे परवडत नाही. अनेक रुग्णालयांचा माल एकाच जागी आला, तरच जमते.

अमेरिकेत हे जमले ते कायद्यामुळे. ऑगस्ट २००० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ठरवले की, जो पुनर्प्रक्रिया करील त्याला उत्पादकाचेच नियम लागू होतील. त्या ओझ्याखाली बहुतेक रुग्णालयांनी हे काम सोडले आणि स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या. मग मूळ उत्पादकांनाच त्यांचा मोह पडला. २००९ साली स्ट्रायकरने असेंट ही कंपनी ५२.५ कोटी डॉलरला घेतली, तर २०११ साली जॉन्सन अँड जॉन्सनने स्टेरिलमेड. गंमत पाहा: याच जॉन्सन समूहातील बायोसेन्स वेबस्टरवर इनोव्हेटिव्ह हेल्थ या पुनर्प्रक्रिया कंपनीने खटला भरला. दुसऱ्यांची पुनर्प्रक्रिया केलेली कॅथेटर वापरणाऱ्या रुग्णालयांना तांत्रिक मदत नाकारून स्पर्धा दाबली, असा आरोप होता. मे २०२५ मध्ये ज्युरीने १४.७ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. स्पर्धा कायद्यानुसार ती तिप्पट होते. उत्पादकाचा विरोध नेहमीच रुग्णाच्या काळजीपोटी नसतो, हे यातून दिसते.

मात्र या धंद्याचा खरा शत्रू न्यायालयात नाही, बाजारात आहे. अमेरिकेत एके काळी बहुसंख्य डायलिसिस केंद्रे रक्त गाळणारा डायलायझर पुन्हा वापरत. २००० नंतर स्वतः डायलायझर बनवणाऱ्या फ्रेसेनियसने आपल्या केंद्रांत पुनर्वापर थांबवला आणि पद्धतच ओसरली. नवा नग स्वस्त झाला की जुना धुणे महाग पडते. आपल्याकडे अजून तसे झालेले नाही. डायलायझर त्याच रुग्णासाठी पुन्हा वापरतात आणि त्याची आतली क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की टाकतात. हा मोजता येणारा, लिहून ठेवता येणारा नियम आहे. गरियाबंदच्या सुपेबेडा गावातून मूत्रपिंडाचे रुग्ण रायपूरला येतात, त्यांच्यासाठी तो नियम पाळला जाणे जीवनमरणाचे आहे.

आता आपला कायदा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे. १ जानेवारी २०१८ पासून लागू. त्यात उत्पादक आहे, आयातदार आहे, विक्रेता आहे. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याचा स्वतंत्र परवाना नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेली कॅथेटर लाल पिशवीत जाते. ती उचलून कारखान्यात न्यायची, तर आधी ती कचरा की कच्चा माल, हे सरकारला ठरवावे लागेल. दुसरीकडे आयुष्मान योजनेत रुग्णालयाला उपचाराची ठरावीक रक्कम मिळते. त्यामुळे वाचलेली प्रत्येक नळी रुग्णालयाच्या नफ्यात जाते आणि धोका तेवढा रुग्णाकडे राहतो.

रायपूरला या उद्योगासाठी जागा आहे. एम्स आहे, मेकाहारा या सरकारी रुग्णालयातील हृदयरोग संस्था आहे, खासगी कॅथलॅब आहेत; बस्तर, पश्चिम ओडिशा आणि महाराष्ट्रातल्या गोंदियापासून रुग्ण इथे येतात. माल गोळा करायला हे केंद्र सोयीचे. पण याच छत्तीसगढ राज्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका दिवसात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि दहाहून अधिक दगावल्या. चौकशीत औषधांपासून निर्जंतुकीकरणापर्यंत सगळेच प्रश्न निघाले. तिथला लॅप्रोस्कोप तर पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेला होता. वेष्टनावरच्या खुणेने माणूस वाचत नाही. काटेकोर प्रक्रियेने आणि नोंदीने वाचतो.

म्हणून माझा निष्कर्ष सरळ आहे. या धंद्याला भवितव्य आहे, पण तीन अटींवर: पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला उत्पादकाची जबाबदारी, प्रत्येक नगाला क्रमांक आणि फेऱ्यांची नोंद, आणि रुग्णाची संमती घेऊन बिलात कमी झालेली किंमत. या तीन नसतील, तर तो पुनर्वापर नव्हे, फसवणूक आहे. आपल्यापैकी कोणी रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय काढावा. आणि घरच्या कोणावर अँजिओप्लास्टी झाली, तर प्रत्येकाने बिलासोबत वापरलेल्या उपकरणांची वेष्टने आणि त्यांवरचे क्रमांक मागून घ्यावेत.