मंडळाची वेबसाइट : जागा स्वस्त हवी, पण किल्ली आपल्याकडे हवी

(आपल्या संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मांडणीचा हा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी देत आहोत.)



मागच्या सभेत आपल्या गाणी मंडळाच्या ताईंनी एक अर्ज ठेवला. रोवणीची गाणी, भुलाबाईची गाणी, पोवारी लग्नगीतं, म्हाताऱ्या मायबाईंना पाठ असलेल्या ओव्या, असं बरंच त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं आहे. त्याची वेबसाइट काढायची आहे आणि संघानं पाच हजार रुपये द्यावेत, असं त्यांचं म्हणणं. त्यावर काही ताई म्हणाल्या, "गाण्याच्या हौशीला पाच हजार कशाला? तेवढ्यात एखाद्या बाईची शेळी होते." प्रश्न रास्त आहे. म्हणून आज हिशेबच मांडते. हौस करावी की नाही हे तुम्ही ठरवाल. खर्च किती लागतो आणि धोका कुठे आहे, एवढं मी सांगते.

आधी माझी चूक सांगते. मी नोकरीला लागले त्या वर्षी दुसऱ्या एका भागातल्या अशाच मंडळाची वेबसाइट काढून दिली होती. म्हणजे मी नाही, ओळखीच्या एका मुलानं काढली. मी फक्त म्हटलं, "सगळ्यात स्वस्त असेल ते घे." त्यानं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाईल नंबरवर खातं उघडलं. पहिल्या वर्षी अगदी थोडक्यात काम झालं, बायका खूश. पुढं मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, नंबर बदलला. मुदत संपल्याचे ईमेल त्याच्या जुन्या खात्यावर येत राहिले, ते कुणी पाहिलेच नाहीत. आम्हाला कळलं तेव्हा वेबसाइट बंद होऊन चार महिने झाले होते. गाण्यांची दुसरी प्रत कुणाकडे नव्हती. ज्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं तो बिघडून गेलेला. त्यात एका आजीची अकरा गाणी होती. आजी त्या उन्हाळ्यात वारल्या होत्या. त्यांची सून मला म्हणाली, "ताई, एक तरी गाणं काढून द्या ना." माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

मुलगा वाईट नव्हता. बचत गटाचे पैसे आपण कधी एकट्याच्या खात्यात ठेवतो का? नाही ना. मग गाणी कशी ठेवली? ही चूक माझी होती.

वेबसाइटला दोन गोष्टी लागतात

आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. दुकानाची पाटी एक, आणि माल मांडायला ओटा दुसरा. वेबसाइटचंही तसंच. पाटी म्हणजे तिचं नाव, त्याला डोमेन म्हणतात. ओटा म्हणजे इंटरनेटवरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये मिळणारी जागा, तिला होस्टिंग म्हणतात. आपली गाणी आणि फोटो त्या जागेत राहतात. कुणी आपलं नाव मोबाईलवर टाकलं की तिथून ते उघडतात.

या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या घेता येतात, हे लक्षात ठेवा. पाटी आपल्या नावावर असली तर एक ओटा सोडून दुसऱ्या ओट्यावर जाता येतं. गिऱ्हाईक पाटी पाहूनच येतं. विकणारे बहुतेक वेळा दोन्ही एकत्र देतात, "नाव एक वर्ष फुकट" म्हणतात. पण नाव कुणाच्या खात्यात नोंदवलं जातंय, ते विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

भारताचं स्वतःचं नाव 'डॉट इन' आहे. 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' नावही मिळतं, म्हणजे आख्खं नाव मराठीत लिहिता येतं. नाव लहान ठेवा, फोनवर सांगितलं तरी समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. खर्च कंपनीप्रमाणे कमी-जास्त होतो, पण साध्या 'डॉट इन' नावाला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास धरून चाला. नाव कायमचं विकत मिळत नाही. मुदतीपुरतं मिळतं आणि मुदत संपायच्या आत पुन्हा पैसे भरावे लागतात.

आपल्याला जागा लागते किती?

धान किती झालं ते मोजल्याशिवाय आपण पोती आणत नाही. इथंही आधी माप घ्या.

मंडळाकडे आज चाळीस गाणी आहेत. एक गाणं साधारण चार मिनिटांचं. एमपी3 प्रकारात नेहमीच्या दर्जानं ठेवलं तर एका मिनिटाला जवळपास 1 एमबी लागतो. म्हणजे एका गाण्याला 4 एमबी, चाळीस गाण्यांना 160 एमबी. फोटो साठ आहेत. मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, पण तो लहान करून 300 केबीचा केला तरी पडद्यावर नीट दिसतो. साठ फोटोंना मग 18 एमबी लागतात. दोन्ही मिळून 178 एमबी. एक जीबी म्हणजे ढोबळ मानानं हजार एमबी. म्हणजे आपला सगळा माल एक जीबीच्या पाचव्या हिश्श्यात बसतो.

आता कुणी "शंभर जीबी जागा, अमर्याद वापर" म्हणून महाग योजना दाखवली, तर दोन पोती धानासाठी गोदाम भाड्यानं घेतल्यासारखं होईल. व्हिडिओ असतील तर ते यूट्यूबवर टाका आणि वेबसाइटवर त्याची लिंक द्या. त्याला वेगळी जागा लागत नाही.

जाहिरातीतला भाव आणि खरा भाव

जाहिरातीत लिहिलेलं असतं, "फक्त 99 रुपये महिना". समजा असंच आहे. पैसे भरायला गेलं की कळतं, हा भाव तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच आहे. 99 गुणिले 36, झाले 3,564. त्यावर 18 टक्के जीएसटी, 641 रुपये 52 पैसे. एकूण 4,205 रुपये. मंडळाच्या ताईंनी पाच हजार मागितले ते इथूनच आले.

आणि तीन वर्षांनंतर? खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पुढच्या वेळचा भाव 299 महिना. एका वर्षाचे 3,588, जीएसटी धरून 4,233 रुपये. म्हणजे जेवढ्यात तीन वर्षं निघाली, त्याहून जास्त आता एका वर्षाला. मंडळात बारा जणी आहेत, तर दरसाल प्रत्येकीला सुमारे 353 रुपये. पहिल्या वर्षी सगळ्या देतील. चौथ्या वर्षी कोण देईल?

कर्ज घेताना आपण पहिला हप्ता बघत नाही, एकूण किती परत करायचं ते बघतो. इथंही तीच सवय ठेवा. विकणाऱ्याला पाच गोष्टी विचारा आणि उत्तरं रजिस्टरमध्ये लिहा.

1. पहिल्या मुदतीनंतर वर्षाला किती पडेल, जीएसटी धरून?
2. नाव कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर नोंदवाल?
3. नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं असेल तर नेता येईल ना?
4. आमची सगळी गाणी एकदम उतरवून परत घेता येतील का?
5. कुलपाच्या खुणेचे, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे घेता का?

पाचव्याबद्दल सांगते. वेबसाइट सुरक्षित असल्याचं हे प्रमाणपत्र 2015 पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची संस्था फुकट देते आणि बऱ्याच कंपन्या तेच लावून देतात. साध्या गाण्यांच्या वेबसाइटला त्यासाठी वेगळे हजार-दोन हजार मोजायची गरज नाही.

फुकटचा ओटा

एक पर्याय फुकट आहे. गूगल साइट्सवर वेबसाइट करायला पैसे लागत नाहीत. गूगल खात्यासोबत 15 जीबी जागा मिळते, तीत ईमेल, फोटो सगळंच मोजलं जातं, पण आपले 178 एमबी आरामात बसतात. पानं कॉम्प्युटरवर ओढून-सोडून लावता येतात, कोडिंग यावं लागत नाही. आणि आपण विकत घेतलेलं नाव त्याला जोडता येतं. गिटहब पेजेस नावाचा दुसरा फुकट पर्याय आहे, पण त्याला थोडं तांत्रिक शिकलेलं माणूस लागतं. ते माणूस गावातून गेलं की पुन्हा आपली तीच गोष्ट.

फुकटात धोका नाही का? आहे. जिओसिटीज नावाची फुकट वेबसाइट देणारी मोठी सेवा होती. याहू कंपनीनं ती 1999 मध्ये विकत घेतली आणि 2009 मध्ये बंद केली. लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं गेलं. आपल्यातल्या काही जणींनी ऑर्कुट पाहिलं असेल, तेही 2014 मध्ये बंद झालं. ओटा दुसऱ्याचा आहे, तो कधीही म्हणू शकतो, उठा. म्हणून पाटी आपली असू द्या आणि मालाची एक प्रत घरात असू द्या. मग उठावं लागलं तरी दुसरीकडे बसता येतं.

किल्ली कुणाकडे?

माझ्या चुकीवरून शिकलेलं हे आहे. यासाठी पैसे लागत नाहीत, शिस्त लागते.

मंडळाचं स्वतःचं ईमेल खातं उघडा. नाव आणि जागा दोन्ही त्याच ईमेलवर घ्या. पोराच्या, भाच्याच्या किंवा माझ्याही ईमेलवर घेऊ नका. माझीही उद्या बदली होईल.

बँकेत आपण दोघींच्या सह्या ठेवतो, तसं इथं पासवर्ड दोघींना माहीत असावा. तिसरी प्रत कागदावर लिहून, पाकीट बंद करून संघाच्या कपाटात ठेवा. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो नंबर चालू ठेवा. बरेच दिवस रिचार्ज केला नाही तर नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्याला मिळतो. पदाधिकारी बदलल्या की ज्या दिवशी बँकेतल्या सह्या बदलतो, त्याच दिवशी हा नंबर आणि पासवर्डही बदला.

मुदत कधी संपते ती तारीख सभेच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा आणि दोन महिने आधीच्या सभेत तो विषय घ्या. "आजच पैसे भरा नाहीतर वेबसाइट बंद" असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला तर त्यातली लिंक दाबू नका. आपल्या खात्यात जाऊन तारीख बघा.

गाण्यांच्या दोन प्रती, एक पेनड्राइव्हवर संघाच्या कपाटात, एक दुसऱ्या गावातल्या एखाद्या ताईकडे. वर्षातून एकदा दोन्ही उघडून ऐका. नुसती ठेवलेली प्रत खराब झालेली कळत नाही.

आणि जिचं गाणं आहे तिला विचारा. तिचं नाव, गाव लावायचं का, फोटो टाकायचा का, तिनं हो म्हटलं की रजिस्टरमध्ये तिची सही किंवा अंगठा घ्या. कुणाचा मोबाईल नंबर वेबसाइटवर टाकू नका, आधारचा तर नाहीच नाही.

लाखभर ओव्या कशा टिकल्या

तुम्ही म्हणाल, गावच्या बायकांची गाणी एवढी जपून कोण ऐकणार? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कितीतरी वर्षं गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं त्यातल्या अनेक ओव्या त्या बायकांच्याच आवाजात रेकॉर्ड झाल्या. गी पॉइतवाँ 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. ओव्या मात्र राहिल्या, कारण त्या एका माणसाच्या घरात अडकलेल्या नव्हत्या. सोबत काम करणारी माणसं होती आणि प्रती सांभाळलेल्या होत्या. 2017 पासून 'पारी' या वेबसाइटवर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. आज मोबाईलवर त्या ऐकता येतात, आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव दिलेलं असतं. ज्यांची नावं सातबाऱ्यावर कधी लागली नाहीत, त्यांची नावं तिथं आहेत.

तर माझा प्रस्ताव असा

पाच हजार देऊ नयेत. मंडळानं फक्त नाव विकत घ्यावं, मंडळाच्याच ईमेलवर. जागा सध्या फुकटची घ्यावी. वर्षाला हजाराच्या आसपास खर्च, बारा जणींत साधारण 84 रुपये, म्हणजे महिन्याला प्रत्येकी सात रुपये. ते मंडळानंच जमा करावेत. संघानं दोन चांगले पेनड्राइव्ह द्यावेत आणि कपाटात एक कप्पा द्यावा. उद्या गाणी पाचशे झाली, किंवा मंडळाला कार्यक्रमाची मागणी येऊ लागली, तर पैशाची जागा घ्यायचं तेव्हा बघू. पाटी आपलीच असेल, ओटा बदलायला वेळ लागणार नाही.

वेबसाइट व्हायला महिना लागेल, पण प्रत काढायला एक दुपार पुरते. तेव्हा ज्या ताईंच्या मोबाईलमध्ये आईचं, सासूचं, आजीचं गाणं आहे, त्यांनी पुढच्या सभेला मोबाईल चार्ज करून आणा. कॉम्प्युटर मी आणते. आधी प्रत काढू, मग ठरावाला हात वर करू.