गोधडीचें शिबिर

गोधडी शिकण्यासाठीं परगांवीं जावें लागतें, हें आपल्या आजीबाईंना खरें वाटलें नसतें. त्यांच्या काळीं दुपारचीं भांडीं आवरलीं कीं ओटीवर जुनेरें पसरलीं जात आणि शेजारच्या दोघीतिघी सुया घेऊन बसत. आज शहरांतील बिऱ्हाडांत तेवढी जमीन मोकळी नसते, आणि दुपारीं शेजारणीही घरीं नसतात. म्हणून शिबिर. गेल्या हिवाळ्यांत सातारा जिल्ह्यांतील एका गांवीं आम्ही अकरा जणी चार दिवस अशा शिबिरास गेलों होतों, त्याची हकीकत आज सांगणार आहें.

शिकविणाऱ्या बाई सत्तरीच्या. आमच्यापैकीं बहुतेकींनीं दुकानांतून नवीं कापडें आणलीं होतीं. रंग जुळवून, इस्त्री करून! बाईंनीं एक तुकडा बोटांत चोळला आणि बाजूस ठेविला. नवें कापड ताठ असतें. चार पदरांतून सुई ओढतांना बोटें सोलून निघतात, आणि पहिल्या धुण्यांत तें आटलें म्हणजे सारी गोधडी चुरमडते. शेंकडों वेळां धुऊन मऊ झालेलें सुती लुगडें मात्र सुईला वाट देतें. जुन्याची गोधडी आपण गरिबीची खूण समजतों. तींत सोयीचाही विचार आहे.

परंतु तें लुगडें आतां आणावें कोठून? नित्य नऊवारी नेसणाऱ्या बायका विरळ झाल्या, आणि कृत्रिम धाग्याचीं पातळें घाम टिपीत नाहींत. माझ्या मतें हौसेपेक्षां जुनेराचाच तुटवडा या कलेस अधिक नडतो आहे. ज्या भगिनींच्या पेटींत एखादें सुती लुगडें शिल्लक असेल, त्यांनीं तें बोहारणीच्या पाटींत टाकण्यापूर्वीं थोडा विचार करावा.

आमच्यांतील एकींनीं आपल्या आईचें लुगडें आणलें होतें. आई जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. दोन दिवस तें पिशवींतून बाहेर निघालेंच नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं बाईंनीं तें मागून घेतलें, उजेडाकडे धरून विरलेल्या जागा पाहिल्या, आणि म्हणाल्या, "ह्याला कातर नको, ताई. सबंध आंत घालूं."

"पण मग तें दिसणार नाहीं," त्या म्हणाल्या.

"आईचं लुगडं बघायला पायजे, का पांघरायला?"

त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनींच लुगड्याचें एक टोंक धरलें. दुमडून चार पदर झाले, वर तुकड्यांचा पदर आला, आणि चौघी चार बाजूंना बसलों.

कडेपासून टांका घालीत, चौकोनाच्या आंत चौकोन करीत मध्याकडे जावयाचें. उत्तर कन्नड जिल्ह्यांत यल्लापूर-हळियाळकडच्या सिद्दी बायकाही आपली कवंदी अशीच कडेकडून आंत शिवितात, आणि कोपऱ्यांवर कापडी घड्यांचीं 'फुलें' बसल्यावांचून ती पुरी मानीत नाहींत. बंगाल्यांतील कांथा तर जुन्या साडीच्या काठांतून काढलेल्या दोऱ्यानेंच शिवीत.

चौघींचे टांके चार तऱ्हेचे पडले. एकीचे तिळाएवढे, माझे चांगले लांब. उसवून सारखे करावे असें कोणी सुचविलें, पण बाईंनीं उसवूं दिले नाहींत. कोणता टांका कोणाचा तें मागाहून ओळखतां येतें, म्हणाल्या. चौथ्या दिवशीं गाडीची वेळ झाली तेव्हां मध्यावरचा वीतभर चौकोन राहिलाच होता. तो त्या घरीं गेल्यावर एकट्यानें शिवणार होत्या.