प्रसूती रजा आणि अर्जित रजा : दोन स्वतंत्र खाती

(भाषणाचा मजकूर)



गाढवी नदीवर गोठणगावजवळ उभे असलेले इटियाडोहचे धरण गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतील धानशेतीला पाणी पुरवते. जलाशयाची पातळी किती, कालव्यात पाणी किती सोडले, याची नोंद दररोज होत असते. परंतु याच लाभक्षेत्रातील शाळांत, आरोग्य उपकेंद्रांत, ग्रामपंचायतींत आणि पाटबंधारे शाखांत काम करणाऱ्या स्त्री कर्मचाऱ्याच्या रजेचा हिशेब पुष्कळदा तिला स्वतःलाही ठाऊक नसतो, आणि ज्याच्या कपाटात तिचे सेवापुस्तक असते त्या लिपिकालाही तो चटकन सांगता येत नाही. एरवी हे खपून जाते. बाळंतपण जवळ आले की मात्र त्याचा जाच सुरू होतो.

मुळात समजून घ्यावयाची गोष्ट एकच आहे. अर्जित रजा ही सेवेतून मिळवलेली रजा आहे आणि प्रसूती रजा ही मातृत्वासाठी दिलेली रजा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांतील नियम ७४ अन्वये मिळणारी प्रसूती रजा रजा लेख्यात खर्ची टाकली जात नाही. पूर्वी ही रजा ९० दिवसांची होती. राज्य शासनाने २००९ मध्ये ती १८० दिवसांची केली. हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असलेल्या स्त्री कर्मचाऱ्यास ती मिळते. या १८० दिवसांत रविवार आणि सुट्ट्या धरल्या जातात, कारण मोजणी सलग दिवसांची असते.

अर्जित रजेचे खाते निराळ्या पद्धतीने भरते. दर वर्षी १ जानेवारीस १५ आणि १ जुलैस १५ दिवस आगाऊ जमा होतात. अर्धवेतनी रजेचे दहा-दहा दिवस त्याच तारखांना जमा होतात. असाधारण रजा घेतल्यास अर्जित रजेच्या पुढील जमेतून प्रमाणशीर कपात होते. प्रसूती रजेमुळे अशी कपात होत नाही. ‘सहा महिने घरी बसल्या, आता यंदाची अर्जित रजा कसली?’ हा प्रश्न कार्यालयात सहजपणे विचारला जातो. त्याला नियमाचा आधार नाही.

उदाहरण घेऊन पाहू. एखाद्या ग्रामसेविकेच्या खात्यावर जानेवारीची जमा धरून ४० दिवस अर्जित रजा आहे. ती १५ फेब्रुवारीपासून १८० दिवस प्रसूती रजेवर गेली. वर्ष लीप नसल्यास तिची रजा १३ ऑगस्टला संपते. मधल्या काळात १ जुलै येऊन गेली. म्हणजे १४ ऑगस्टला तिच्या खात्यावर ५५ दिवस असावयास हवेत. तिने प्रसूती रजेला जोडून ३० दिवसांची अर्जित रजा घेतली, तर ती १३ सप्टेंबरला रुजू होईल आणि २५ दिवस शिल्लक राहतील. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. रजेवर जाण्यापूर्वीच तो कागदावर मांडून लिपिकाकडून तपासून घेतला, तर पुढचे सहा महिने खेटे घालावे लागत नाहीत.

आता या ३० दिवसांची गरज का पडते? पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा जुना रिवाज. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. रजा त्या दिवसापासून सुरू झाली, तर १८० दिवसांतील महिना-दीड महिना प्रसूतीपूर्वीच संपतो. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे डॉक्टर सांगतात. मग नोकरीवर परत जाण्याची तारीख आणि बाळाचे सहा महिने यांच्यामध्ये महिना-दीड महिन्याची फट पडते. ही फट अर्जित रजेने भरावयाची असते. म्हणून आधीची दोन-तीन वर्षे अर्जित रजा लग्नकार्यात आणि पाहुणचारात उधळू नये, हा सल्ला रुक्ष वाटला तरी उपयोगाचा आहे. काहीजणी याच भीतीने शेवटच्या आठवड्यापर्यंत कामावर येत राहतात. जिथे अडचणीच्या वेळी अर्जुनी मोरगावचे ग्रामीण रुग्णालय गाठावे लागते आणि त्याहून गंभीर प्रसंगी थेट गोंदियाचे बाई गंगाबाई महिला रुग्णालय, तिथे पावसाळ्याच्या तोंडावर हे धाडस करू नये. शिलकीतले पंधरा दिवस त्या वेळी वापरले तर ते वाया गेले असे कोणी समजू नये.

नैमित्तिक रजेचे गणित आणखी निराळे. वर्षाच्या आठ दिवसांची ही रजा प्रसूती रजेला जोडता येत नाही आणि ३१ डिसेंबरला उरलेली रद्द होते. तिचा खरा उपयोग गरोदरपणातील तपासण्यांसाठी आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते. तारीख ठरलेली असल्यामुळे रजेचा अर्जही आधी देता येतो आणि त्या दिवशी वर्गावर कोण जाईल हेही आधी ठरवता येते.

आता कार्यालय प्रमुखांविषयी. प्रसूती रजेचा अर्ज वेळेवर येतो, अपेक्षित तारखेचे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत असते, तरी मंजुरीचा कागद तालुका आणि जिल्हा यांच्यामध्ये फिरत राहतो. अशा वेळी ‘तूर्त अर्जित रजा टाका, पुढे बघू’ असे सुचवले जाते. वेतन थांबू नये म्हणून बाई सही करते. पुढे कोणी बघत नाही. सेवापुस्तकात ४५ किंवा ६० दिवस खर्ची पडतात. सेवानिवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे ३०० दिवसांच्या मर्यादेत रोखीकरण होते, तेव्हा तो तोटा रुपयांत दिसतो. त्या वेळी पंचवीस वर्षांपूर्वीचा अर्ज शोधणार कोण?

असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चंडीगडच्या एका वैद्यकीय संस्थेतील परिचारिकेला प्रसूती रजा नाकारण्यात आली. पतीच्या पहिल्या विवाहातील दोन मुले तिच्या नावावर धरली गेली, त्यांपैकी एकासाठी तिने बालसंगोपन रजा घेतली होती असे कारण दाखवण्यात आले, आणि तिची गैरहजेरी अन्य प्रकारच्या रजांत बसवण्यात आली. २०२२ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. बालसंगोपन रजा घेतली म्हणून प्रसूती रजेचा हक्क जात नाही, हे त्या निकालाने स्पष्ट झाले.

बालसंगोपन रजा महाराष्ट्रात २०१८ पासून लागू आहे. संपूर्ण सेवेत १८० दिवस, अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंत. बाळंतपणानंतर लगेच ती सगळी संपवण्याचा मोह होतो. पण मुलाचे आजारपण आणि दहावीचे वर्ष पुढे असते. जवळची फट अर्जित रजेने भरावी आणि ही रजा शक्यतो राखून ठेवावी, हे अधिक शहाणपणाचे.

शिक्षिकांना एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. दीर्घ सुटीचा लाभ घेणाऱ्यांना अर्जित रजा इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे मिळत नाही. त्यामुळे वर दिलेला हिशेब त्यांनी जसाच्या तसा स्वतःला लावू नये. त्यांच्याकडे मुख्यतः अर्धवेतनी रजा असते. उन्हाळ्याची सुटी प्रसूती रजेच्या मुदतीत आली, तर ते दिवस पुन्हा वेगळे मिळतील असे गृहीत धरू नये.

पंचायत सदस्यांची तक्रार असते की बाई रजेवर गेल्या आणि दोन शिक्षकी शाळा एकावर आली. तक्रार खरी आहे. मुलांचे सहा महिने लहान नसतात. पण बाळंतपणाची तारीख काही महिने आधी कळलेली असते. इतकी पूर्वसूचना कार्यालयाला दुसऱ्या कोणत्याही रजेची मिळत नाही. पर्यायी व्यवस्थेचा ठराव ग्रामपंचायतीने आणि शाळा व्यवस्थापन समितीने त्याच वेळी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. रजेवरील बाईला ‘कधी येता?’ म्हणून निरोप धाडण्यापेक्षा तो मार्ग बरा.

या कायद्यांचा इतिहास आपल्या भागाला परका नाही. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा १९२९ मध्ये झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये विधिमंडळात पाठिंबा दिला होता. हा प्रदेश तेव्हा मध्यप्रांतात होता आणि तेथेही १९३० मध्ये असा कायदा आला. ते कायदे कारखान्यांतील स्त्रियांसाठी होते. शेतात आणि मातीकामावर राबणारी स्त्री त्यांच्या बाहेर राहिली. देशभरासाठीचा कायदा १९६१ मध्ये झाला. तरीही हजेरीपटावरील स्त्रियांना तो लागू नाही असे म्हटले जाई. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांच्या प्रकरणात ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोजंदारीवरील स्त्रीलाही हा लाभ मिळाला पाहिजे असा निर्णय दिला. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ही मुदत १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. अट एवढीच की अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे. कामावरच्या स्त्रीचे ८० दिवस भरले की नाही हे हजेरीपटावरूनच ठरते. म्हणून हजेरी तिच्या स्वतःच्या नावावर पडते की नवऱ्याच्या, हे जागेवर पाहिले पाहिजे.

अंगणवाडी सेविकांना १८० दिवसांची मानधनी प्रसूती रजा आहे. रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत वाकून काम करणाऱ्या मजूर स्त्रीला मात्र रजा मंजूर करणारा कोणी मालकच नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीच्या मानाने ही रक्कम थोडी आहे. पण नोंदणी वेळेत झाली नाही तर तीही हातची जाते, आणि ती नोंदणी आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत आपल्याच गावात होते.